गाडी मागून बसते तेव्हा

 मागच्या वेळी आपण बँकेच्या हप्त्यांबद्दल बोललो. आज त्या हप्त्यांवर घेतलेल्या गाडीबद्दल बोलू. आमच्या येवल्याकडच्या गटाकडे पिकअप आहे. टोमॅटोची कॅरेट पिंपळगावला, कांदा लासलगावला, आणि परतताना खत नाहीतर किराणा, असं तिचं वर्षभराचं काम.

गाडी गटाची, कर्ज गटाचं, कागदावर सह्या आपल्या. पण गाडीला काही झालं की बोलणं गॅरेजवर होतं, आणि आपल्यापर्यंत येतो तो फक्त बिलाचा आकडा. "त्यातलं तुम्हाला काय कळणार?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. गेल्या टोमॅटोच्या सीझनआधी आमच्या मासिक बैठकीत ड्रायव्हरदादांचा निरोप आला. गाडी मागून बसते, दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवू, गाडी उंच होईल आणि ७० कॅरेट सहज जातील. खर्च फार नव्हता. पण मंजुरी द्यायच्या आधी आम्ही ठरवलं, की हे पाटे काय करतात ते आधी समजून घ्यायचं. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवणारे एक सर, पाट्यांचं काम करणारे एक जुने मिस्त्री आणि गाडीबरोबर आलेलं कंपनीचं पुस्तक, या तिघांकडून जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पाटे कशासाठी असतात?

बैलगाडीला पाटे नसतात. चाकाला बसलेला दणका आसातून थेट गाडीवर आणि गाडीवरून आपल्या मणक्यावर. टांग्याला मात्र पाटे होते, म्हणून टांग्यात बसलेल्या म्हातारीला दचके कमी बसायचे. आपल्या पिकअपच्या मागच्या चाकांवर तेच पाटे आहेत, फक्त जास्त जाड आणि जास्त संख्येने.

गाडीच्या मागे जाऊन खाली वाका. चाकाच्या आतल्या बाजूला लोखंडी पट्ट्यांची चवड दिसेल. सगळ्यात वरची पट्टी सगळ्यात लांब, खालच्या क्रमाने आखूड. पोळ्यांच्या चवडीत वरची पोळी मोठी आणि खालच्या लहान होत गेल्या तर कशी दिसेल, तशी. सगळ्या मिळून कमानीसारख्या वाकलेल्या. लांब पट्टीला मेन पाटा म्हणतात. तिची दोन्ही टोकं वळवून गोल डोळे केलेले असतात. त्या डोळ्यांत रबराचे किंवा पितळेचे बुश बसतात. पुढचा डोळा चेसिसला पक्का असतो. मागचा डोळा एका छोट्या झुलत्या कडीला अडकवलेला असतो, तिला शॅकल म्हणतात.

ही कडी झुलती का? कमान दाबली की ती सपाट होते, आणि सपाट झाली की तिची लांबी वाढते. वाढलेल्या लांबीला जायला जागा हवी, ती शॅकल देते. चिखल-गंजाने शॅकल जाम झाली, तर पाटे चांगले असूनही गाडी दगडासारखी आदळते. म्हणजे पाटे बदलायच्या आधी शॅकल हलते का ते पाहणं हे पहिलं आणि फुकटचं काम.

मधोमध पाट्यांची चवड ॲक्सलवर बसते. दोन यू-बोल्ट तिला आवळून धरतात, आणि सगळ्या पाट्यांच्या पोटातून एक सेंटर बोल्ट जातो. ॲक्सल पुढे-मागे सरकू नये याची राखण तो करतो.

आता शॉकअप. पुष्कळांना वाटतं की गाडीचं वजन शॉकअप पेलतो. वजन पेलतात पाटे. शॉकअपचं काम वेगळं. झोक्याला एक धक्का देऊन सोडलं, तर तो कितीतरी वेळ हलत राहतो. कुणी हात लावून धरला तर दोन हेलकाव्यांत थांबतो. पाटा हा झोका आणि शॉकअप हा धरणारा हात. शॉकअपच्या नळीत तेल असतं. दट्ट्याला त्या तेलातून बारीक भोकांतून वाट काढावी लागते, त्यात हेलकाव्याचा जोर जिरतो. म्हणून गाडी मागून खाली बसली असेल, तर नवे शॉकअप घालून साधारणपणे ती वर येत नाही. हा खर्च करायला कुणी सांगितलं, तर हा मुद्दा विचारा.

उंची, ताठपणा आणि ताकद

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही, की गाडीची उंची, पाट्यांचा ताठपणा आणि गाडीची वजन पेलायची ताकद या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. गॅरेजवरच्या बोलण्यात त्या एकमेकींत मिसळून जातात.

रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये एक साधा नियम मांडला. स्प्रिंगवर जितकं वजन ठेवाल, तितक्या प्रमाणात ती दबते. समजा, एखादी गाडी १०० किलोला १ सेंटीमीटर बसते, तर ३०० किलोला ३ सेंटीमीटर बसेल. (पिकअपला खाली आणखी जाड हेल्पर पाटे असतात. वजन वाढलं की वरचे पाटे त्यांना टेकतात, आणि तिथून पुढे गाडी कमी-कमी दबते.) म्हणजे माल भरल्यावर गाडीने थोडं बसणं हा दोष नाही. ते तिचं काम आहे.

पाटा वाढवला की दोन गोष्टी एकदम होतात. चवड जाड होते, म्हणून ताठपणा वाढतो, आणि कमान कमी दबते, म्हणून गाडी उंच दिसते. पाट्याच्या जाडीचा हिशेब तर फारच तिखट आहे. रुंदी आणि लांबी तीच ठेवून ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर जाडी सव्वापट होते, पण ताठपणा जवळपास दुप्पट होतो. कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. "थोडासा जाड टाकलाय ताई" यातलं थोडंसं किती मोठं असतं, ते यावरून कळेल.

आणि ताकद? ती पाट्यांनी वाढत नाही. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच, चेसिसही तीच. गाडीने किती वजन न्यायचं हे या सगळ्यांचा मिळून विचार करून कंपनीने ठरवलेलं असतं. तो आकडा आरसी बुकात असतो. एक असतं रिकाम्या गाडीचं वजन आणि एक मालासह एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की आपला माल आणि बसलेली माणसं मिळून किती चालतील ते निघतं.

समजा, एकूण वजन २,९०० किलो आणि रिकामं वजन १,६०० किलो आहे. वजाबाकी १,३०० किलो. ड्रायव्हर आणि बरोबरची एक ताई मिळून १२० किलो धरा. मालाला उरले १,१८०. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट साधारण २२ किलोचं धरलं, तर ५३ कॅरेट बसतात. ७० कॅरेट म्हणजे १,५४० किलो. माणसं धरून १,६६०, म्हणजे मर्यादेपेक्षा ३६० किलो जास्त. पाटे वाढवल्यावर हे ३६० किलो डोळ्यांना दिसणार नाहीत, पण गाडीला वाहावे लागणारच.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा मालाला २०,००० रुपये दंड सांगतं, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत मनाने बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवू शकते. हप्ते मात्र आपल्यालाच भरायचे असतात.

ब्रेकला कळतं ते उंचीवरून

सरांनी आम्हाला गाडीखाली एक वस्तू दाखवली आणि बैठकीचा निर्णय तिथेच निम्मा झाला. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. गाडी किती बसली हे ती दांडी मोजते आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला जोर कमी-जास्त पाठवते.

याची गरज का? रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते. तिथे पूर्ण ब्रेक लागला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. म्हणून रिकामी असताना मागे कमी जोर. माल भरला की मागच्या चाकांवर वजन येतं, ती रस्त्याला घट्ट धरतात, म्हणून तेव्हा पूर्ण जोर.

आता पाटे वाढवून गाडी उंच केली, आणि वर ७० कॅरेट भरली, तर काय होईल? गाडी बसणारच नाही. व्हॉल्व्ह समजेल की गाडी रिकामी आहे. माल सर्वांत जास्त असताना मागचा ब्रेक सर्वांत कमी लागेल, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडेल. मनमाड रस्त्यावर रात्री समोर ट्रॅक्टर-ट्रॉली आली, तर या एका गोष्टीवर ड्रायव्हरदादांचा आणि शेजारी बसलेल्या आपल्या ताईचा जीव अवलंबून आहे.

आमच्या गटातल्या एका मावशींनी ते ऐकून जे म्हटलं ते आम्ही इतिवृत्तात लिहून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "गाडी वाकते म्हणजे ती सांगतेय की भार झाला. आपण तिचं तोंड बांधलं तर भार कमी होतो का?"

ज्या गाड्यांना असा व्हॉल्व्ह नसतो, त्यांच्यासाठीही उंच-ताठ पाट्यांचे तोटे आहेतच. वजन जमिनीपासून जितकं वर जाईल, तितकी गाडी वळणावर कलते. मागचा भाग उचलला की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. दिव्यांचा झोत खाली जातो. आणि परतीच्या रिकाम्या फेरीत मागची चाकं उड्या मारतात. अर्धी गाडी भरलेली असेल तरी दणके थेट मालाला. टोमॅटो खालच्या थरात फुटतो, आणि लिलावात व्यापारी नेमकं तेच कॅरेट उपडं करून बघतो.

शिवणकामाची टेप काढा

तर गाडी मागून बसते म्हणजे नेमकी किती बसते? डोळ्यांनी बघून सांगू नये, मोजावं. हे काम आपलं आहे. याला गॅरेज लागत नाही.

जागा सपाट हवी. मंदिरासमोरचा ओटा, सिमेंटचं खळं, काहीही चालेल. शंका असेल तर गवंड्याकडची पाण्याची नळी मागा, चारही चाकांपाशी पाण्याची पातळी सारखी आली की झालं. गाडी रिकामी करा. हौद्यात राहिलेली दोरखंडं, ताडपत्री, जॅक सगळं काढा. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. मग गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे घ्या, म्हणजे पाटे आपल्या जागेवर येतील. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचं माप घेऊ नका, ते चुकीचं येतं.

आता चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर, चाकावरच्या पत्र्याच्या किंवा हौद्याच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण मग टायरची झीज आणि हवा दोन्ही मापात शिरतात. चारही चाकांची मापं वहीत लिहा. मागे आणखी एक माप घ्या: ॲक्सलपासून वरच्या रबरी स्टॉपरपर्यंतचं अंतर. तेच सगळं नेहमीच्या मालासह पुन्हा एकदा मोजा. भरलेल्या गाडीत ॲक्सल त्या रबराला टेकत असेल, तर पाट्यांना हलायला जागाच उरलेली नाही.

शेवटी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, चाकं सरळ ठेवून, दोन्ही बाजूंनी मोजा. दोन अंतरांत ठळक फरक असेल तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलेला असू शकतो. अशी गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालते आणि टायर खाते.

मापं वाचताना चौरंग आठवा. चौरंगाच्या एका पायाखाली चपटा दगड सरकवला, तर तो एकच कोपरा वर येत नाही. समोरासमोरचे दोन पाय जमिनीवर दाबले जातात आणि दुसरे दोन हलके होतात. गाडीचंही तसंच. पुढचा डावा कोपरा खाली दिसला तर कारण मागच्या उजव्या पाट्यात असू शकतं. म्हणून एकच आकडा घेऊन गॅरेजवर जाऊ नका, चारही घेऊन जा. मूळ उंची कंपनीच्या पुस्तकात असेल किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारता येते. आपला आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा.

आमच्या गाडीचं माप घेतलं तेव्हा रिकाम्या गाडीतही मागची डावी बाजू उजवीपेक्षा ३ सेंटीमीटर खाली निघाली. गाडी दोन्ही बाजूंनी बसते असं सगळे म्हणत होते. बसत होती एकच बाजू. मिस्त्रींनी वायर ब्रशने चिखल काढला तर डावीकडचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या जवळ तडकलेला, आणि डोळ्यातला बुश झिजून अंडाकृती झालेला. वर दोन पाटे चढवले असते, तर ती तड तशीच आत राहिली असती.

पाटे खरंच गेले असतील तर

मग पुढे काय करायचं? तीन-चार वाटा असतात.

पहिली वाट, कंपनीच्या मापाचा नवा संच. पाटे जोडीने बदलावेत. एकाच बाजूला नवा संच घातला तर ती बाजू उंच राहते, आणि चौरंगाचा खेळ पुन्हा सुरू. आम्ही हीच वाट घेतली.

दुसरी वाट, जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणं. खर्च कमी, म्हणून मोह होतो. इथे एक प्रश्न विचारा: "कमान दिल्यावर पाणी कसं चढवता?" पाट्याचं पोलाद साधं नसतं. ते साधारण ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा चार-पाचशे अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. तेव्हा कुठे त्याला वाकून परत सरळ यायचा गुण येतो. नुसतं भट्टीत लाल करून, ठोकून, हवेत थंड केलं तर तो गुण जातो. गाडी घरी येईपर्यंत छान दिसते, आणि काही आठवड्यांत पुन्हा बसते. तडकलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कधीच करू देऊ नका. वेल्डिंगच्या शेजारीच तो पुन्हा तुटतो.

तिसरी वाट, शॅकल लांब करणं किंवा पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालणं. यात ताठपणा तोच राहतो, फक्त उंची वाढते. लांब शॅकलचा एक हिशेब लक्षात ठेवा. शॅकल एका टोकालाच असते, म्हणून ती २ इंच लांब केली तर गाडी साधारण १ इंचच उचलते. पण ॲक्सलचा कोन बदलतो. ठोकळ्यामुळे ब्रेक मारताना ॲक्सल पाट्यांना जास्त पीळ देतो. मालवाहू गाडीला हे दोन्ही उपाय नकोत, असं सरांचं स्पष्ट मत पडलं, आणि आम्हाला ते पटलं.

चौथी वाट पाटे वाढवायची. तिच्याबद्दल बोलून झालंच आहे.

काम झाल्यावर विचारायचे प्रश्न

गाडी गॅरेजवरून आणताना बिल देण्याआधी हे विचारा. यू-बोल्ट नवे घातले का? ते तिरप्या जोडीने, म्हणजे समोरासमोर, थोडे-थोडे करून आवळले का? डोळ्यांतले बोल्ट शेवटचे कधी आवळले? गाडी जॅकवर लटकत असताना ते पक्के आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच शेवटचा आवळ द्यायचा. शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा तपासायचे, कारण नव्या पाट्यांची चवड दबून थोडी सैल होते. ब्रेकच्या त्या व्हॉल्व्हची दांडी तपासली का, व्हील अलाइनमेंट पाहिलं का, दिव्यांचा झोत नीट केला का, हेही विचारा.

आणि एक काळजी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, पोरांनी तर मुळीच नाही. खाली भक्कम घोडी हवी, चाकांना पुढे-मागे ठोकळे हवेत. पाट्यांची चवड सोडताना सेंटर बोल्ट काढला की पाटे जोराने उसळतात. ते काम शिकंजा असलेल्या मिस्त्रींचंच. मोजणं, विचारणं आणि लिहिणं हे आपलं.

माल भरण्याचीही एक जुनी रीत आहे. बैलगाडीत मागे जास्त भार झाला की जू वर उचलतं, गाडी उलाळ होते, हे आपल्या घरातल्या मोठ्यांना ठाऊक आहे. पिकअपमध्येही जड माल फाळक्याशी रचला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग रस्ता सोडल्यासारखं वाटतं. म्हणून जड थर केबिनला टेकून, दोन्ही बाजूंना सारखा, आणि जितका खाली तितका बरा. मालावर माणसं बसवायची नाहीत. वर बसलेली माणसं गाडीचा तोल बिघडवतात, आणि विम्याच्या दृष्टीने ती गाडीत नसतातच.

५३ कॅरेटचा ठराव

यानंतरची बैठक सोपी झाली नाही. ५३ कॅरेटची मर्यादा म्हणजे सीझनमध्ये रोज कुणाची तरी कॅरेट मागे राहणार. टोमॅटो झाडावर थांबत नाही. दोन ताई रागावल्या, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. शेवटी पाळीचा तक्ता केला. आज ज्यांची कॅरेट राहतील त्यांची उद्या पहिल्यांदा भरायची. तोडणी फार झाली त्या दिवशी दुसरी फेरी करायची, आणि तिच्या डिझेलचा खर्च कॅरेटमागे सगळ्यांनी वाटून घ्यायचा. ड्रायव्हरदादांनाही ठरावाची प्रत दिली. रस्त्यात कुणी "अजून दहा टाका" म्हणालं, तर नकार देण्याचं ओझं त्यांच्या एकट्यावर नको.

गाडीच्या कागदांच्या पिशवीत आता एक दोनशे पानी वही असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघीजणी टेप घेऊन चार कोपरे मोजतात आणि आकडे लिहून सही करतात. शॉकअपवर तेल ओघळलंय का, टायर एका कडेने खातोय का, त्यावर खळगे पडलेत का, गतिरोधकानंतर गाडी दोनपेक्षा जास्त हेलकावे खाते का, हेही तिथेच नोंदवतात. पंधरा मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी पाट्यांचा खर्च निघाला, तर बैठकीत चर्चा त्या आकड्यांवर होईल.

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर या आठवड्यात एवढं करा. आरसी बुकातले दोन आकडे काढून वजाबाकी करा, आणि चार कोपऱ्यांची मापं घ्या. गाडी नसेल आणि घ्यायचा विचार असेल, तर जुनी गाडी बघायला जाताना टेप पिशवीत टाका. विकणाऱ्याने पाटे वाढवलेले असतील तर मागे चवड मोजून बघा आणि विचारा, हे कंपनीचे किती आणि नंतरचे किती.

तुमची मापं आणि तुमचे प्रश्न केंद्रावर लिहून पाठवा. पुढच्या भागात टायरमधल्या हवेबद्दल बोलू. तोपर्यंत सांभाळून राहा, आणि माल मापात भरा. नमस्कार.